वाचकांचे प्रश्न : तणनाशक मारलं, तीन आठवड्यांत तण हजर! मातीतले जिवाणू औषध खातात का?

मागच्या अंकात सहज एक वाक्य लिहिलं होतं की शेतात फवारलेलं बरंचसं औषध शेवटी मातीतले जिवाणूच संपवतात, आणि त्या एका वाक्यावर इतके मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यावरच जातंय. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, गाव तेवढं दिलंय. काही प्रश्न थोडे कापलेत, राग मानू नका.

प्रश्न : मॅडम, बारा वर्षं झाली लागणीच्या उसात ॲट्राझीन मारतोय. आधी दीड-दोन महिने रान स्वच्छ राहायचं, आता तीन आठवडे झाले की तण डोकं वर काढतंय. दुकानदार म्हणतो डोस वाढवा, शेजारी म्हणतो माल डुप्लिकेट आहे. खरं काय समजायचं? (वाळवा तालुका)

काका, दोघांचंही चुकीचं असू शकतं. तिसरी एक शक्यता आहे जी दुकानात कोणी सांगत नाही, ती म्हणजे तुमच्या रानातले जिवाणू आता ॲट्राझीन खायला सरावलेत.

हे नवीन नाहीये. १९४९ साली लंडनमध्ये ऑडस नावाच्या शास्त्रज्ञाने मातीतून टू-फोर-डी या तणनाशकाचं पाणी फिरवत ठेवून बघितलं. सुरुवातीचे बरेच दिवस काहीच घडेना, औषध होतं तेवढंच, मग एकदम भराभर कमी व्हायला लागलं आणि संपलं. त्याच मातीला पुन्हा टू-फोर-डी दिलं तर या वेळी वाट बघावीच लागली नाही, लगेच संपायला सुरुवात. म्हणजे पहिल्या खेपेला ते खाऊ शकणारे जिवाणू मूठभर होते, त्यांची पिलावळ वाढेपर्यंत वेळ गेला, दुसऱ्या खेपेला फौज आधीच तयार होती. तुमच्या रानात बारा वर्षं दर लागणीला तेच ताट वाढलं जातंय तर पंगत बसणारच की.

ॲट्राझीनच्या बाबतीत तर हे अगदी तपशिलात माहीत आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात लिटल फॉल्स म्हणून गाव आहे, तिथे तणनाशक सांडलेल्या जागेच्या मातीतून एक सूडोमोनास जिवाणू वेगळा काढला, एडीपी असं त्याचं नाव ठेवलं, १९९५ साली त्याचं काम छापून आलं. हा गडी आधी ॲट्राझीनवरचा क्लोरीन काढतो. तिथेच औषधाचा खेळ खलास, कारण क्लोरीन गेला की उरतं ते तण मारू शकत नाही. मग बाजूचे दोन हात तोडतो, मग मधलं कडं उघडतो, आणि शेवटी राहतो अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड. ॲट्राझीनच्या एका रेणूत नायट्रोजनचे ५ अणू असतात, आणि याला हवा असतो तो हा नायट्रोजन. तुम्ही उसाला युरिया टाकता ना, तसा ॲट्राझीन हा त्याचा युरिया आहे!

आता यातली गंमत बघा, खरा युरिया भरपूर मिळाला की असे बरेच जिवाणू ॲट्राझीनकडे बघतसुद्धा नाहीत, सोपं मिळतंय तर अवघड कोण खाणार. म्हणून खताच्या वेळेनेही फरक पडू शकतो. पण यावरून कोणी तणनाशक टिकावं म्हणून युरिया वाढवू नका, मी तसं सांगितलं असं बाहेर बोलू तर अजिबात नका.

साध्या मातीत ॲट्राझीन निम्मं व्हायला साधारण दोन महिने धरतात. अमेरिकेत मिसिसिपी, कोलोरॅडोकडे जिथे मक्यात वर्षानुवर्षं तेच मारलं गेलं तिथे हा काळ आठवड्यावर, कुठे त्याच्याही खाली आलेला मोजलाय. तुमचं दुखणं त्याच जातीचं दिसतंय. पण दिसतंय म्हणून भागत नाही, खात्री करा, खर्च काही नाही.

चार कुंड्या घ्या. दोन कुंड्यांत तुमच्या उसाच्या रानातली माती, दोनांत त्याच जातीची पण कधीच ॲट्राझीन न लागलेली माती, म्हणजे परसातली नाहीतर देवळामागची वगैरे. पुढच्या वेळी रानात फवारणी कराल तेव्हा प्रत्येकातली एकेक कुंडी सरीत ठेवून तिच्यावरूनही तसाच पंप फिरवा, म्हणजे डोस मोजायची कटकट नको. बाकीच्या दोन तुलनेसाठी लांब ठेवा, त्यांना औषध लागू द्यायचं नाही. मग चारही कुंड्या तीन आठवडे वाफशावर राहतील एवढंच पाणी द्या, खालून वाहून जाईल एवढं नको, आणि मग सगळ्यांत काकडीचं बी टोका. काकडीला ॲट्राझीन अजिबात सोसत नाही. उगवून ती येईल, फसू नका, बियातली शिदोरी संपल्यावरच पानांच्या कडा पिवळ्या पडून जळायला लागतात, म्हणून उगवल्यावर दोन आठवडे तरी थांबा.

नव्या मातीतली फवारलेली काकडी मेली आणि तुमच्या रानच्या मातीतली जगली तर काम जिवाणूंचं. दोन्ही फवारलेल्या मजेत जगल्या तर शेजारी बरोबर होता, मालात गडबड आहे. दोन्ही मेल्या आणि तरी रानात तण येतंय तर मग तणच औषधाला दाद देत नसेल, किंवा फवारणी कोरड्या ढेकळांवर झाली असेल, हे पण लई ठिकाणी होतं.

जिवाणूच निघाले तर डोस वाढवून उपयोग नाही, पंगतीत अजून एक वाढप होईल इतकंच. वेगळ्या गटातलं तणनाशक, ते पण दरवर्षी तेच नको, मध्ये एखादं बेवड, आणि आंतरमशागत. ॲट्राझीन काही वर्षं बंद ठेवलं की ही फौज हळूहळू घटते, पण पुन्हा मारायला लागलात की पहिल्यापेक्षा लवकर जमते.

प्रश्न : मी बीएससी मायक्रोच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ॲट्राझीन माणसाने बनवलं, निसर्गात ते नव्हतंच, मग ते तोडायचं एन्झाइम जिवाणूंकडे आलं कुठून? सरांना विचारलं तर म्हणाले सिलॅबसमध्ये नाही. (कोल्हापूर)

सिलॅबसमध्ये नाही हे उत्तर ऐकलं की माझं डोकं फिरतं, असो.

ॲट्राझीन बाजारात आलं १९५८ च्या सुमारास. आणि चाळीस वर्षं व्हायच्या आत ते पूर्ण पचवणारे जिवाणू सापडले. उत्क्रांतीच्या हिशोबात चाळीस वर्षं म्हणजे कालची गोष्ट. पण बॅक्टेरियाची पिढी तासांत मोजतात आणि एक ग्रॅम चांगल्या मातीत त्यांची संख्या अब्जाच्या घरात जाते, त्यामुळे आपल्याला अशक्य वाटतं ते त्यांना रोजचं.

एडीपीमधलं जे पहिलं एन्झाइम क्लोरीन काढतं त्याचं नाव एटीझेड-ए. त्याचं सख्खं भावंड म्हणावं असं दुसरं एक एन्झाइम आहे ट्राय-ए, ते मेलामाइन तोडतं, हो तेच मेलामाइन ज्याच्या प्लेटा घरात असतात. दोन्ही एन्झाइमं पावणेपाचशेच्या आसपास अमिनो ॲसिडची, आणि त्यात फरक किती, तर फक्त ९. त्या नऊ फरकांनी काम पार बदललं, ट्राय-ए अमिनो गट काढतं, एटीझेड-ए क्लोरीन काढतं आणि मेलामाइनला हातही लावत नाही. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे दोन्ही जीनमध्ये बदललेली अक्षरंही नऊच आहेत. जुने फरक असते तर नुसतीच बदललेली, काही परिणाम न करणारी अक्षरंही मध्ये साचली असती. इथे एकही बदल वाया गेलेला नाही, म्हणजे हे सगळं फार अलीकडे आणि फार दबावाखाली घडलंय.

आता दुसरा भाग, एका जिवाणूला जमलं ते बाकीच्यांकडे कसं गेलं. हे जीन एडीपीच्या मुख्य क्रोमोसोमवर नाहीत, प्लाझमिडवर आहेत. प्लाझमिड म्हणजे डीएनएचं छोटं सुटं कडं, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारं, अगदी वेगळ्या जातीचा असला तरी. आपल्याकडे पेरणीला बैल हातउसने देतात तसं. म्हणून वेगवेगळ्या खंडांतल्या, वेगवेगळ्या जातींच्या जिवाणूंमध्ये जवळजवळ हुबेहूब तेच जीन सापडतात. प्रत्येकाने स्वतः शोध लावला असता तर एवढी कॉपी जुळली नसती, परीक्षेत सारखं उत्तर आलं की सरांना कळतं ना, तसंच.

आणि सगळ्यांनाच नवीन एन्झाइम लागतं असंही नाही. फिलिपिन्समध्ये डायझिनॉन हे कीटकनाशक मारलेल्या भातखाचराच्या मातीतून १९७३ मध्ये एक जिवाणू मिळाला, त्याचं एन्झाइम डायझिनॉन, पॅराथिऑन अशा ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कित्येक औषधांची गाठ पाण्याच्या मदतीने तोडतं. त्यावर काम करणाऱ्यांपैकी सेतुनाथन पुढे कटकच्या भात संशोधन संस्थेत होते. प्रोजेक्टला विषय पाहिजे असेल तर तिथून सुरुवात कर.

प्रश्न : आमच्या लहानपणी गोठ्यात, कणगीखाली, मुंग्यांना, सगळ्याला एकच औषध, बीएचसी पावडर! ती अजून जमिनीत असेल का? त्याच जागेवर आता सूनबाई भाजी लावते. (चाळीसगाव)

आजोबा, थोडी असू शकते, पण घाबरायच्या आधी हे वाचा.

बीएचसी म्हणजे एचसीएच, सहा कार्बनचं कडं आणि प्रत्येकावर एकेक क्लोरीन. पण ते क्लोरीन कोणत्या बाजूला तोंड करून बसलेत त्यावरून त्याचे अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा असे प्रकार होतात. कीड मारतो तो फक्त गॅमा, त्यालाच लिंडेन म्हणतात, आणि पावडरीत तो असायचा जेमतेम १०-१५ टक्के. बाकी सगळा बिनकामाचा माल आपण त्याच्यासोबत घरोघर उधळत होतो. ही पावडर आपल्याकडे १९९७ मध्ये बंद झाली, लिंडेन त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

हे खाणारा जिवाणू आपल्याच देशात सापडला, १९९० मध्ये उत्तर प्रदेशात फैजाबादकडे, तेही उसाच्या मुळांजवळच्या मातीत. आता त्याचं नावच स्फिंगोबियम इंडिकम आहे. जपानमध्ये त्याचा भाऊबंद, फ्रान्समध्ये अजून एक, तिघांकडे लिन नावाचे तेच जीन. गॅमा आणि अल्फा हे बऱ्यापैकी पचवतात. अडतं ते बीटापाशी. त्याच्यात सगळे क्लोरीन कड्याच्या कडेने असे सपाट बसलेत की एन्झाइमला पकडायला जागाच सापडत नाही, फार तर एखाद-दुसरा क्लोरीन निघून तिथेच काम थांबतं. म्हणून वर्षानुवर्षांनी मातीत जे शिल्लक सापडतं ते बहुतेक बीटा.

गोठ्याच्या जागी कित्येक वर्षं शेण-मूत, ओल, उन्हाळे-पावसाळे झाले असतील, जिवाणूंना यापेक्षा चांगली जागा नाही. तरी सूनबाईंना सांगा तिथे गाजर, मुळा, बीट असं जमिनीतलं नको, अशी औषधं मातीच्या चरबट भागाला धरून राहतात आणि गाजराच्या सालीत उतरतात. वांगी, मिरची लावा. अगदीच मनात शंका राहिली तर माती रेसिड्यू, म्हणजे औषधाचा उरलेला अंश, तपासणाऱ्या लॅबला द्या, नेहमीच्या माती परीक्षणात हे कळत नाही, तिथे नत्र-स्फुरद-पालाशच बघतात.

प्रश्न : म्हणजे औषध तुटलं की विषय संपला ना? (निफाड)

नाही ना! तुटणं आणि संपणं यात फरक आहे. एन्डोसल्फान हे कीटकनाशक मातीत तुटतं ते बऱ्याचदा एन्डोसल्फान सल्फेट होतं, ते मूळ औषधाइतकंच विषारी आणि त्याच्याहून चिवट. डीडीटीचं डीडीई होतं, ते पिढ्यान्पिढ्या राहतं. क्लोरोपायरीफॉसचं तर वेगळंच, ते तुटून टीसीपी नावाचा जो पदार्थ बनतो तो जिवाणूंनाच मारक असतो, म्हणजे जेवायला बसलेल्याच्या ताटातच विष, त्यामुळे ते खाणाऱ्यांची फौज ॲट्राझीनसारखी पटकन वाढत नाही.

तुमचं निफाड म्हणून द्राक्षाचं पण सांगते. मातीतले जिवाणू मण्यावरच्या औषधाला काही करत नाहीत, तिथे ऊन आणि दिवस मोजणं हेच, पीएचआय पाळा, म्हणजे शेवटच्या फवाऱ्यापासून काढणीपर्यंत सोडायचे दिवस. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्राने वेलीवरच राहणारे बॅसिलस सबटिलिसचे काही स्ट्रेन शोधलेत जे प्रोफेनोफॉससारखी औषधं तोडतात, काम चांगलं आहे, पण त्याच्या जिवावर काढणीच्या तोंडावर फवारा मारायचा असा अर्थ काढू नका.

प्रश्न : एक एजंट रेसिड्यू खाणाऱ्या जिवाणूंची बाटली विकतोय, लिटरला बाराशे रुपये, एकरी दोन लिटर. घ्यावी का? (बार्शी)

त्याला एकच प्रश्न विचारा, यातला जिवाणू कोणता आणि तो नेमकं कोणतं औषध खातो. "सगळीच" म्हणाला तर चहा पाजून पाठवा.

ॲट्राझीन खाणारा क्लोरोपायरीफॉस खात नाही, क्लोरोपायरीफॉस खाणारा बीएचसीकडे बघत नाही. आणि बाहेरून आणून सोडलेला जिवाणू तुमच्या मातीत टिकेल का हा वेगळाच प्रश्न, तिथे आधीचे अब्जावधी बसलेत, वर त्यांना खाणारे प्रोटोझोआ टपलेलेच. लॅबच्या फ्लास्कमध्ये पैलवान असलेला गडी शेतात चार दिवसांत गायब होतो असं कितीदा झालंय. मी स्वतः उमेदीच्या काळात एका शेतात असे जिवाणू सोडले होते, पुढच्या महिन्यात शोधायला गेले तर एकही कॉलनी नाही, तेव्हापासून बाटलीचं मला फार कौतुक उरलं नाही.

उपयोग होतो तो वेगळ्या ठिकाणी. अमेरिकेत साउथ डकोटामध्ये ॲट्राझीन सांडून माती खराब झाली होती, तिथे ते एटीझेड-ए एन्झाइम ठासून भरलेल्या ई कोलायच्या मेलेल्या पेशी टाकल्या, जिवंत नाही. आठ आठवड्यांत औषध निम्म्याच्या वर कमी झालं, आणि जिथे जोडीला फॉस्फेट दिलं तिथे पाऊण हिस्सा गेलं. नुसतं फॉस्फेट दिलेल्या जागी काहीच फरक नाही. पण ते सांडलेल्या जागेवरचं काम होतं, एकरी दोन लिटरचं नाही.

चोवीसशे रुपयांचं शेणखत टाका. सोलापूरकडच्या काळ्या रानात सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्या खाली असतो, जिवाणूंना खायलाच नाही तर ते औषध काय तोडणार. शिवाय वाफसा महत्त्वाचा, कोरड्या ठणठणीत जमिनीत हे झोपलेले असतात, आणि चिबड जमिनीत हवा नसल्याने वेगळेच जिवाणू चालतात. अवर्षणाच्या वर्षानंतर आदल्या पिकाचं तणनाशक पुढच्या पिकाला बाधलं अशा तक्रारी वाढतात त्याचं कारण हेच. आणि पाचट जाळू नका, हे मी दर अंकात सांगते, पुढच्या अंकातही सांगणार.

प्रश्न : गव्हात मेटसल्फ्युरॉन तणनाशक मारलं होतं, एकरी ८ ग्रॅम, त्यानंतर केलेलं सूर्यफूल खुरटलं. एवढ्याशा औषधाने? (परळी)

हो, एवढ्याशानेच. यातलं खरं औषध एकरी दोन ग्रॅमहून कमी, तरी पुरतं. या गटातली औषधं आंबट मातीत पाण्यानेच लवकर तुटतात, आपल्या चुनखडीच्या, सामू आठच्या मातीत ती वाट बंद, मग सगळा भार जिवाणूंवर पडतो आणि उन्हाळ्यात ओल नसली की तेही थांबतात. लेबलवर पुढच्या पिकाबद्दल बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचत जा.

प्रश्न : मातीतले जिवाणू म्हणजे शेतकऱ्याचे मित्रच असं वर्गात शिकवतो, बरोबर आहे ना? (शाळा, संगमनेर)

गुरुजी, ते कोणाचेच मित्र नाहीत हो, त्यांना भूक आहे. जपानमध्ये २०१२ साली एक भन्नाट प्रकार छापून आला. तिथे शेंगांवरचा एक ढेकूण मातीतून बर्कहोल्डेरिया जिवाणू तोंडावाटे घेतो आणि आतड्यात सांभाळतो. फेनिट्रोथिऑन हे कीटकनाशक वारंवार मारलेल्या मातीत ते औषध खाणारे बर्कहोल्डेरिया वाढले, ढेकणाने तेच उचलले, आणि औषध त्या ढेकणाला लागेना! किडीने स्वतः काही बदल केला नाही, मातीतून तयार शस्त्र घेतलं. उसावरच्या एका ढेकणातही तेच सापडलं. पोरांना हे सांगून बघा, मित्र-शत्रूपेक्षा जास्त आवडेल.

प्रश्न : मॅडम, मीच परत, कोल्हापूरचा. ॲट्राझीन खाणारा जिवाणू आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये वेगळा काढता येईल का? बजेट शून्य आहे. (कोल्हापूर)

येईल. मीडियममध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या द्रवात, नायट्रोजनचा दुसरा कुठलाही सोर्स ठेवायचा नाही, फक्त ॲट्राझीन, कार्बनसाठी ग्लुकोज किंवा सायट्रेट. त्यात चिमूटभर माती, आठवडाभर शेकरवर, मग त्यातलं थोडं नव्या मीडियममध्ये, असं चार-पाच वेळा. आगर साधा घेऊ नकोस, त्यातच नायट्रोजनचा अंश असतो, धुतलेला किंवा शुद्ध आगर बघ.

प्लेट करताना ॲट्राझीन जास्त टाक. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, लिटरला ३३ मिलिग्रॅमच्या आसपास, त्यामुळे प्लेट दुधाळ दिसते. जी कॉलनी ॲट्राझीन खाते तिच्याभोवती काही दिवसांनी काचेसारखं स्वच्छ कडं पडतं, मशीन-बिशीन काही लागत नाही, डोळ्यांना दिसतं. लिटल फॉल्सचा तो एडीपीही याच युक्तीने ओळखला होता. शुद्ध ॲट्राझीन सरांच्या सहीने मागव, दुकानातल्या पाकिटात बाकीचे पदार्थ असतात, त्यातला नायट्रोजन खाऊन भलतेच वाढतील. ग्लोव्ह्ज घाल, उरलेलं बेसिनमध्ये ओतू नकोस.

राहिला प्रश्न मातीचा. कॉलेजच्या बागेतली घेऊ नकोस. पहिलं पत्र लिहिणाऱ्या काकांसारखं बारा वर्षं एकच तणनाशक लागलेलं उसाचं रान शोध, तुमच्या पंचक्रोशीत दहा सापडतील, आणि वरच्या चार बोटं थरातली माती आण.